किलोचा केक, कपाचे माप

महाराष्ट्रात केकची ऑर्डर देताना कोणी ‘दोन कप केक’ मागत नाही. अर्धा किलो, एक किलो, आणि घरात कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली असतील तर पाच किलो. केक तोलून विकला जातो. पण तो ज्या घरगुती ओट्यावर तयार होतो तिथे डोकावले, तर बहुतेक वेळा रंगीत प्लॅस्टिकच्या कपांचा संच दिसतो, आणि शेजारी एका कडीत ओवलेले चमचे. विकताना वजनी, करताना कैली, असा हा सगळा व्यवहार. त्यावरूनच साताऱ्यातल्या एका घरात काका-पुतणीची एका दुपारी चांगलीच जुंपली.

अशा वादात कोण कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधणे सोपे वाटते. म्हातारा माणूस वाटी-चमच्याचा कैवारी, तरुण मुलगी डिजिटल काट्याची. इथे उलटे होते. काकांचा उभा जन्म बेकरीत गेला. पहाटे भट्टी पेटवायची, पावाच्या लाद्या काढायच्या. मे महिन्यात आणि दिवाळीच्या तोंडावर गावातल्या बायका रवा, मैदा, साखर, तूप घेऊन आल्या की किलोमागे मजुरी लावून त्यांची नानकटाई भाजून द्यायची. त्यांच्या दुकानात कप लागायचा तो फक्त चहाला. पुतणी पुण्यात घरून केक विकते आणि शिकवण्याही घेते. ती शिकली अमेरिकी व्हिडिओंवरून, त्यामुळे तिची प्रत्येक कृती कपात. वर्गात वाटायचे कागद ग्रॅममध्ये करून घ्यावेत म्हणून ती काकांकडे आली होती. तिच्या हिशेबाने ते अर्ध्या तासाचे काम होते.

“एका कपाचे किती ग्रॅम, तेवढं सांगा. बाकी गुणाकार मी करते,” ती म्हणाली.

“कशाच्या कपाचे?”

“कपाचे हो. एक कप.”

“अगं, कप पाण्याचा, की साखरेचा, की कोकोचा?” काका म्हणाले. “पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे एका खांद्यावर सारखेच लागतात का?”

पुतणीला हे ठाऊक नव्हते असे नाही, पण फरक किती मोठा असतो याचा तिने कधी हिशेब केला नव्हता. एका अमेरिकी कपात पाणी साधारण २३७ ग्रॅम मावते. त्याच कपात दाणेदार साखर २०० ग्रॅम, लोणी २२७, मध ३४०. पिठीसाखर मात्र जेमतेम १२०, आणि कोको पावडर तर शंभराच्याही आत. म्हणजे मधाचा कप कोकोच्या कपाच्या तिपटीहून जड. कपाचे ग्रॅम करणारा एकच गुणक असूच शकत नाही; प्रत्येक जिनसाचा आकडा वेगळा.

“बरं, मग मैद्याचा आकडा सांगा. सगळ्यांत जास्त तोच लागतो.”

काका हसले. “तो तर कुणालाच ठाऊक नाही.”

हे त्यांनी गमतीने म्हटले, पण त्यात बरेच तथ्य आहे. किंग आर्थर ही अमेरिकेतली मैद्याची जुनी कंपनी एका कपाचे १२० ग्रॅम धरते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १२५ आहेत. ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ हे पाककृती तावूनसुलाखून छापणारे नियतकालिक पाच औंस, म्हणजे १४२ ग्रॅम मानते. तिघेही एकाच कपाबद्दल बोलत आहेत आणि तिघेही खरे बोलत आहेत. फरक आहे तो मैदा कपात कसा गेला याचा. चमच्याने अलगद भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०च्या आसपास. कपच डब्यात खुपसून काढला तर १४० ते १५०. वर ओट्यावर आपटून ‘बसवला’ तर त्याहून जास्त. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. ती जितकी निघते तितका मैदा जास्त मावतो. साखरेचे दाणे टणक, ते असे दबत नाहीत, म्हणून साखरेच्या आकड्यावर जगात फारसे भांडण नाही.

काकांनी काटा पुढे सरकवला. पुतणीने नेहमीच्या सवयीने कप डब्यात खुपसला, बोटाने वरचा ढीग पाडला आणि काट्यावर ठेवला: १४८. मग काकांनी तोच मैदा चाळून, चमच्याने हलक्या हाताने भरायला लावला: ११४. कप तोच, डबा तोच, हातही तोच. अडीच कपांच्या केकला हा फरक ८५ ग्रॅमचा होतो. एवढा मैदा जास्त पडला की केक मधोमध डोंगरासारखा फुगतो, तडकतो आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरवायला चहा लागतो.

“म्हणजे कागदावर ‘अडीच कप मैदा, चाळून’ असं लिहिलं तर?” तिने विचारले.

“आधी चाळायचा की आधी मोजायचा, ते लिहिलंस का?”

तिने लिहिले नव्हते.

इथवर काकांची सरशी दिसते, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात: काटा घ्या, कप फेका, झाले. पण पुतणीची बाजू इतकी लेचीपेची नाही. तिने पहिला बार काढला तो सातत्याचा.

“काका, मी दर वेळी कप खुपसूनच घेते. माझे दर वेळी १४८च येणार, फार तर पाच-सात इकडेतिकडे. त्याच मापाने मी केक बसवला. माझा केक कधी बिघडला नाही.”

“तुझा नाही बिघडणार. तुझ्या वर्गातल्या बाईचा बिघडेल. ती अलगद भरणारी निघाली तर?”

“आणि कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’चं काय? १९७०पासून घराघरांत आहे. सगळं वाटी-चमच्यानं. लाखो सुना त्यावर स्वयंपाक शिकल्या. एकीनंही काटा घेतला नाही.”

काकांच्या बायकोचे ‘रुचिरा’ अजून फडताळात आहे, तेव्हा इथे त्यांचा सूर जरा नरमला. आणि नरमायलाच हवा होता. ‘अंदाजे तिखट, बेताचं मीठ’ अशा तोंडी परंपरेत वाढलेल्या मुलींना वाटी आणि चमचा हे माप हातात देणे ही फार मोठी गोष्ट होती. शिवाय शिरा, उपमा, वरण, बासुंदी हे पदार्थ करताना माणूस पातेल्याजवळ उभा असतो. पाणी कमी पडले, घातले. साखर कमी, घातली. केकचे तसे नाही. ओव्हनचे दार लावले की पुढची चाळीस मिनिटे काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. मापाची सगळी जबाबदारी दार लावण्याआधीच्या दहा मिनिटांवर येते. वाटी कुठे चालते आणि कुठे दगा देते याचे उत्तर इथे आहे. जुन्या-नव्या पद्धतीशी त्याचा संबंध नाही.

गंमत अशी की ज्या अमेरिकेकडून हा कप आपल्याकडे आला, तिथेही बेकिंगची सुरुवात वजनानेच झाली होती. १७९६ मध्ये हार्टफर्डला अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ छापले गेले. अमेरिकी लेखिकेने लिहिलेले, अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक मानतात. त्यात पाउंड केक आहे: पाउंडभर मैदा, पाउंडभर लोणी, पाउंडभर साखर, आणि अंडी पाउंडभर किंवा दहा. नावातच वजन. पुढे एकोणिसाव्या शतकात घरोघरच्या कृतींत चहाचा कप, वाइनचा पेला, ‘अंड्याएवढे लोणी’, ‘अक्रोडाएवढे लोणी’ अशी मापे शिरली. त्या गोंधळाला शिस्त लावली ती फॅनी फार्मर यांनी. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या या मुख्याध्यापिकेने १८९६ मध्ये आपले पुस्तक छापले तेव्हा प्रकाशकाला ते खपेल असे वाटेना. तीन हजार प्रतींचा खर्च बाईंना स्वतः उचलावा लागला. त्यांचा आग्रह एकच: कप ठरलेल्या आकाराचा, आणि प्रत्येक कप, प्रत्येक चमचा वरून सपाट केलेला. शीग नको.

शीग म्हटल्याबरोबर काका खुलले. त्यांच्या लहानपणी बाजारात धान्य अजून मापानेच मिळायचे. चार शेरांची पायली, शेराला दोन मापटी, मापट्याला दोन चिपटी. गावागणिक थोडाफार फरक. विकत घेणारा म्हणायचा शीग लाव, विकणारा हाताने शीग पाडायला बघायचा, आणि सगळी घासाघीस त्या वरच्या टोकावर चालायची. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि पायली हळूहळू मागे पडली.

“तीस-चाळीस वर्षं लागली आम्हाला पायलीतून बाहेर यायला,” काका म्हणाले. “आणि तू गुलाबी रंगाची पायली घेऊन पुन्हा दारात आलीस.”

“गुलाबी असली तरी तिच्यावर मिली लिहिलेत, काका. तुमच्या पायलीवर काय लिहिलं होतं?”

हा टोला बरोबर बसला. फक्त तिच्या कपावर किती मिली लिहिले आहेत ते बघायचे राहून गेले होते. पिशवीतून दोन संच निघाले. जुन्यावर २४०, नव्यावर २५०. मूळ अमेरिकी कप २३७चा, पोषणाच्या लेबलांसाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५०चा. जपानी स्वयंपाकातला २००चा. तांदूळ शिजवायच्या विजेच्या भांड्याबरोबर येणारा छोटा कप बहुधा १८०चा, कारण तो जपानमधल्या तांदळाच्या जुन्या मापावरून आला. ब्रिटनने १८२४ मध्ये नवा गॅलन ठरवला आणि अमेरिका जुन्यालाच धरून राहिली, त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकातला अर्ध्या पिंटाचा कप २८४ मिलीचा, म्हणजे अमेरिकी कपापेक्षा पाचव्या हिश्श्याने मोठा. चमच्यातही हेच: मोठा चमचा जवळपास सगळीकडे १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २०चा.

“पण त्यानं काय बिघडतं?” पुतणीने हट्ट सोडला नाही. “सगळं एकाच कपानं मोजलं की प्रमाण तेच राहतं. कप लहान, केक लहान. कप मोठा, केक मोठा.”

हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष आहे आणि पोळ्यांना, इडलीला, ढोकळ्याला तो लागूही पडतो. काकांनी त्याला एकच भोक पाडले.

“अंडं कपाबरोबर मोठं होतं का?”

अंडी मोजून घ्यायची असतात. अमेरिकी कृतीतले ‘मोठे अंडे’ कवच काढून साधारण ५० ग्रॅमचे धरलेले असते. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी मिळणारे त्याहून लहान निघू शकते. लोण्याचेही तसेच. अमेरिकेत लोणी कांडीने मिळते. एक कांडी म्हणजे पाव पाउंड, ११३ ग्रॅम, अर्धा कप. कृतीत नुसते ‘दोन कांड्या’ लिहिलेले असते. पुतणीने वर्षभर दोन कांड्यांच्या जागी अमूलची शंभर ग्रॅमची दोन पाकिटे घातली होती. दर केकला २६ ग्रॅम लोणी कमी. केक किंचित कोरडा व्हायचा आणि ती ओव्हनला दोष द्यायची.

आणि साखर. इथे मराठी घरातली एक सवय आडवी येते. आपल्या बाजारातली साखर जाड दाण्याची. एस-३०, एम-३० अशा प्रतवाऱ्यांतले अक्षर तर दाण्याचा आकारच सांगते. हा दाणा लोण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून घरोघरी ती मिक्सरमधून काढतात. हे योग्यच. पण मग ‘एक कप साखर’ मोजायची कधी, दळण्याआधी की नंतर? आधी मोजली तर २०० ग्रॅम. दळून मोजली तर १२०च्या आसपास. एका कपामागे ८० ग्रॅम साखर गायब, आणि साखर केकमध्ये फक्त गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते आणि गर नरम करते. काट्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही. दोनशे ग्रॅम साखर दळली तरी दोनशेच ग्रॅम राहते, मिक्सरच्या झाकणाला चिकटेल तेवढी सोडून.

मधल्या वेळात चहा झाला आणि काकांनी एक जुनी युक्ती सांगितली. इंग्रजांच्या घरी केक करताना आकडेच लागत नसत. तराजूच्या एका पारड्यात तीन अंडी कवचासकट ठेवायची, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच भाराचे लोणी. मग तेवढीच साखर, तेवढाच मैदा. अंडी हीच वजने. फ्रान्समध्ये याच केकला चार चतुर्थांश अशा अर्थाचे नाव आहे. अंडी लहान असोत की मोठी, केक आपोआप त्या मापाचा होतो. पुतणीला हे इतके आवडले की क्षणभर ती कोणत्या बाजूला आहे हे विसरली.

मग तिने तिचा खरा हुकमाचा पत्ता काढला.

“पाव चमचा खायचा सोडा तोलून दाखवा.”

काकांनी वाटी ठेवली, काटा शून्य केला आणि चिमटीने सोडा टाकायला सुरुवात केली. शून्य. आणखी टाकला. शून्य. आणखी टाकला, काटा एकदम २ वर गेला. चमचाभर सोडा साधारण पाच ग्रॅम, म्हणजे पाव चमचा सव्वा ग्रॅमच्या घरात. घरगुती काट्याची पायरी असते एक ग्रॅमची. तो ‘१’ दाखवतो तेव्हा वाटीत अर्धा ग्रॅमही असू शकतो आणि जवळपास दीडही. वर अनेक स्वस्त काट्यांना एक खोड असते: चिमूट चिमूट टाकत गेले की ती बारीक वाढ म्हणजे आपलाच शून्य हलला असे समजून ते ती गिळून टाकतात. मैद्यात ग्रॅमभर चूक कुणाला कळणारही नाही. सोड्यात ती निम्म्याहून मोठी चूक असते, आणि सोडा जास्त झाला की केक काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. इथे सपाट केलेला पाव चमचा काट्यापेक्षा भरवशाचा. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट, मीठ, वेलची पूड यांना चमचाच बरा, नाहीतर मग सोनाराकडे असतो तसा बारीक काटा वेगळा घ्यायचा.

“आमच्या बेकरीत ही अडचण कधी आली नाही,” काका म्हणाले.

“कारण तुम्ही सोडा मुठीनं टाकत होतात!”

“मुठीनं नाही. पोत्यामागं तोलून टाकत होतो.”

हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. बेकरीत सगळे हिशेब मैद्याच्या पोत्यावर चालतात. पन्नास किलोचे एक पोते. त्याला तीस लिटर पाणी, एक किलो मीठ, इतके यीस्ट. जगभरचे पाववाले हेच टक्केवारीत सांगतात: मैदा नेहमी शंभर, पाणी साठ, मीठ दोन. मैद्याचा आकडा पक्का असला की बाकी सगळे त्याच्यावर टांगलेले. एका पोत्याची कृती अर्ध्या किलोवर आणायची तर त्याच टक्क्यांनी ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. कपातली कृती अशी लहानमोठी करायला गेले की ‘पावणेदोन कप आणि दोन चमचे’ असले अपूर्णांक सुरू होतात. पुतणी पाच किलोच्या ऑर्डरीला रडकुंडीला येते ती इथेच. त्या दिवशी तिने एकूण सव्वीस वेळा कप भरला होता आणि मध्येच फोन आल्याने सतरावा की अठरावा हे विसरली होती.

तरीही सगळे वजनात आणले की वाद मिटला असे होत नाही, हे तिने नंतर लोण्यावरून दाखवले. काकांनी सहज सांगितले, “लोण्याऐवजी तूप घाल, तेवढंच वजन.” तिने हात वर केला. पाकिटातल्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. लोणी २२६ ग्रॅम सांगितले असेल तर तूप १८० ग्रॅम घ्यायला हवे, आणि गेलेल्या पाण्याच्या बदल्यात दोनेक मोठे चमचे दूध. नुसते २२६ला २२६ केले तर केक तेलकट होतो आणि बसतो. शिवाय तूप कपाने मोजायचे तर पातळ की रवाळ, हा वेगळाच घोळ. काट्याने किती ते सांगितले, काय ते त्याला कळत नाही. काकांनी हे मान्य केले, पण बेकरीत ते डालडाच वापरत असल्याने त्यांना हा प्रश्न कधी पडला नव्हता, असेही ऐकवले.

पावसाळ्याचा मुद्दाही पुतणीने काढला. हवा दमट असते तेव्हा मैदा ओलावा ओढतो. मग तोललेल्या अर्ध्या किलोत मैदा कमी, पाणी जास्त. तिचे म्हणणे खरे आहे, पण फरक टक्का-दोन टक्क्यांचा, अर्ध्या किलोला पाच-दहा ग्रॅम. कप खुपसून भरल्याने होणारा घोटाळा वीस-पंचवीस टक्क्यांचा. या दोन चुकांना एकाच पारड्यात घालणे हा वकिली कावा झाला. पोळीच्या कणकेबद्दल मात्र ती बरोबर होती. दर चक्कीचा, दर गव्हाचा आटा वेगळे पाणी पितो, आणि कणीक कधी झाली हे हाताला कळते. काकांच्या बेकरीतसुद्धा शेवटचे लिटरभर पाणी कणीक बघूनच जायचे. हे त्यांनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कबूल केले.

आणखी एक बारीक सापळा तिच्या नव्या काट्यातच निघाला. त्यावर ‘मिली’चे बटण होते. तिला वाटायचे, ते दाबून तेल ओतले की मिली कळतात. पण काट्याला तेल दिसत नाही, त्याला फक्त भार कळतो. मिली दाखवताना तो आत पाणी आहे असे धरून चालतो. पाण्याला ते ठीक, दुधाला जवळपास ठीक. तेल पाण्याहून हलके, म्हणून काट्याने ‘१०० मिली’ म्हटले तेव्हा भांड्यात १०९च्या आसपास तेल होते. मधाचे उलट होते; काटा शंभर म्हणतो, मध सत्तर-एकाहत्तर मिली.

संध्याकाळ होत आली तेव्हा कागद अजून कोरा होता. पण काम कसे करायचे ते ठरले होते, आणि ते दोघांनाही आधी सुचलेले नव्हते. पुतणीला तक्ता हवा होता: एक कप मैदा म्हणजे इतके, साखर म्हणजे इतकी. काकांना तिचे कप कचऱ्यात हवे होते. प्रत्यक्षात तक्ताही उपयोगाचा नव्हता. तिचा चांगला होणारा केक १२० ग्रॅमच्या कपाचा नव्हताच. तो तिच्या खुपसलेल्या १४८ ग्रॅमच्या कपाचा होता. किंग आर्थरच्या आकड्याने तिने ती कृती ग्रॅममध्ये केली असती तर अडीच कपांमागे ७० ग्रॅम मैदा कमी पडला असता आणि वर्षानुवर्षे जमलेला केक पहिल्यांदा खाली बसला असता. खुद्द अमेरिकी कृती पहिल्यांदाच करायची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती लिहिणाऱ्याचा कप किती ग्रॅमचा ते शोधावे, बऱ्याच लेखिका हल्ली ते पहिल्या पानावर देतात. स्वतःची बसलेली कृती वजनात आणायची तर स्वतःचाच हात तोलायला लागतो. नेहमीसारखाच कप भरायचा, काट्याकडे न बघता. मग भांड्याचा धडा करून, म्हणजे काटा शून्यावर आणून, त्यात ओतायचा. असे चार-पाचदा करून मधला आकडा धरायचा. तसेच साखरेचे, कोकोचे, दह्याचे. त्या आकड्यांनी एक केक करून बघायचा आणि चवीत फरक पडला नाही तरच कागदावर उतरवायचा.

“आणि ज्यांच्याकडे काटा नाही त्यांचं?” पुतणी म्हणाली. “माझ्या वर्गाला कराडहून, वाईहून बायका येतात. चारशे-पाचशे रुपये काट्याला घालायच्या आधी त्यांना एकदा केक तर जमू दे.”

काकांनी यावर बराच वेळ काही उत्तर दिले नाही. शेवटी कागदावर दोन रकाने ठरले. पहिला ग्रॅमचा. दुसरा कपाचा, पण वर ठळक अक्षरात कप किती मिलीचा आणि कसा भरायचा याची सूचना: मैदा हलवून सैल करा, चमच्याने भरा, सुरीने सपाट करा, आपटू नका. आणि त्या रकान्यातले कप तिच्या सवयीचे नाहीत. असा सैल भरलेला कप जितक्या ग्रॅमचा भरेल, त्यावरून उलटा हिशेब केलेले. म्हणजे तिचे अडीच कप मैदा दुसऱ्या रकान्यात तीन कपांच्या थोडे वर गेले. ते बघून तिला धक्का बसला, कारण इतकी वर्षे वर्गातल्या बायकांना ती अडीच सांगत आली होती आणि त्यांच्यातल्या काही जणींचा केक का पसरतो याची कारणे तिने यीस्टपासून विजेच्या दाबापर्यंत सगळीकडे शोधली होती. साध्या केकमध्ये यीस्ट नसतेच, हे काकांनी लगेच सांगून टाकले. सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही रकान्यांत चमच्यानेच राहिली.

पहिली कृती लिहून झाली. दुसरी होती केळ्याच्या केकची. पुतणीने वाचायला सुरुवात केली: मैदा, लोणी, साखर, आणि तीन पिकलेली केळी.

“कुठली?” काकांनी चष्मा वर केला.

“कुठली म्हणजे? केळी.”

“वेलची केळी तीन घातलीस तर तोंडी लावायलाही पुरणार नाहीत. आणि ती लांबडी घातलीस तर पीठ सरबरीत होईल.”

अमेरिकी तक्त्यात मध्यम केळे साल काढून ११८ ग्रॅमचे असते, म्हणजे तीन केळी सुमारे साडेतीनशे ग्रॅम. तिने तसे सांगितले. काकांनी फळांच्या टोपलीतली केळी उचलून काट्यावर ठेवली आणि आकडा बघून म्हणाले, “हे सालीसकट झालं. साल किती धरायची?”

“सोला मग,” पुतणी म्हणाली आणि तिने कागदावर ‘तीन’ हा आकडा खोडला.